दम्माम ते जुबैल: अण्णांचा सलाम

अण्णा व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे सौदीत, दम्मामला आले आणि चहाचा कप ठेवत म्हणाले, "मला जुबैलचा तो माणूस बघायचाय." तो माणूस हजाराहून जास्त वर्षांपूर्वी वारलाय, असं मी सांगितलं. "ठाऊक आहे," म्हणाले.

अण्णा म्हणजे माझे वडील, नगरकडच्या चर्चचे निवृत्त पाळक, म्हणजे पाद्री. एरवी जेवणाआधी लांबलचक प्रार्थना करायचे, पण आई गेल्यापासून त्यांच्या तोंडून प्रार्थनाच निघत नव्हती. जेवायला बसले की डोळे मिटायचे, ओठ हलायचे नाहीत, मग म्हणायचे, "वरण वाढ." मला भीतीच वाटायची.

जुबैलजवळ वाळूत फार जुन्या चर्चचे अवशेष आहेत. समुद्रमार्गे आलेला कुणी पहिला धर्मोपदेशक तिथे राहिला असणार, असं अण्णांचं म्हणणं. नाव कुणालाच माहीत नाही.

शुक्रवारी सकाळी निघालो. नवरा अबकैकच्या तेल प्रकल्पावर ड्यूटीला, म्हणून गाडी मीच चालवली. जाणाऱ्यांसाठी सांगते: रस्ता उत्तम, वाटेत कतीफला गरम खुब्झ, म्हणजे अरबी रोटी, खा, तिकीट नाही, कारण प्रवेशच नाही.

"सभासद नाहीत, पेटी नाही, तबला नाही," अण्णा काचेबाहेर बघत म्हणाले. "तरी तो रोज पूर्वेकडे तोंड करून प्रार्थनेला उभा राहत असेल. कसं जमलं असेल गं?"

"अण्णा, पट्टा लावा."

कुंपणाशी पोचतो तोच पेशावरचा पहारेकरी धावत आला. "बंद है, खलास!"

अण्णांनी उतरून कपाळाला हात लावला. "सलाम!" आमच्या नगरकडे ख्रिस्ती माणसं भेटली की सलामच घालतात.

"वालैकुम अस्सलाम, हाजी साहब!"

"हाजी नाही. पाद्री," अण्णांनी बाणेदारपणे दुरुस्ती केली.

मेले! इथे दुसरा धर्म उघडपणे पाळायला बंदी; रद्द झालेला इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, नवऱ्याचा चिडलेला मालक-कफील, परतीचं विमान, सगळं डोळ्यांसमोर आलं.

"इधर क्या काम है, बाबा?"

"इधर हमारा एक माणूस रहता था. वो अकेला दुआ करता था. मेरी बायको गुजर गयी, मेरे को अब आती नहीं."

पहारेकऱ्याने मागे रस्त्याकडे एक नजर टाकली. "अंदर मना है. फोटो मना है," म्हणाला, आणि पाठ फिरवून माझ्या गाडीचा टायर तपासू लागला.

अण्णांनी कुंपणाची तार धरली, पूर्वेकडे वळले. "देवबापा," म्हणाले आणि अडकले. मग म्हणाले, "देवबापा, याला उभं राहू दिलंस, तसं मलाही राहू दे. माझ्या मालनला सांभाळ." आईचं नाव ऐकून मला रडू कोसळलं.

"आमीन," टायरजवळून आवाज आला.

परतताना कतीफला खुब्झचा तुकडा मोडत अण्णा म्हणाले, "आमेन असतं ते. पण चालेल."

घरी जेवताना त्यांनी प्रार्थना सुरू केली. त्यात पहारेकरी आला, समुद्र आला, माझं ड्रायव्हिंगसुद्धा आलं.

"आजोबा, खाना ठंडा हो रहा है," माझी लेक तिच्या इथल्या शाळेतल्या हिंदीत कुजबुजली.

मी तिला डोळ्यांनीच दटावलं. आईच्या हातचं वरणही आम्ही कायम गारच खाल्लंय.