काकांचा अमेरिकेतला एकमेव खटला

“आधी वाक्य पूर्ण वाच,” असं म्हणून काका उजव्या हाताचं बोट उभं धरायचे. समोरचा गप्प होईपर्यंत ते बोट खाली यायचं नाही. अमेरिकेतल्या शॉमबर्ग गावात, आमच्या टाउनहाउसच्या रांगेत ज्याने ज्याने त्यांच्याशी बंदुकीवरून वाद घातला, त्याला ते बोट ठाऊक आहे.

काका मूळचे नागपूरचे वकील. पन्नाशीला टेकल्यावर इकडे आले आणि त्यांची सनद इथे चालेना. मग पेट्रोल पंपाच्या काउंटरमागे सोळा वर्षं उभे राहिले. तिथे एका दुपारी कुणीतरी त्यांच्या कपाळाला पिस्तूल लावलं. पोलीस आले अकरा मिनिटांनी. महिन्याभरात काकांनी रीतसर बंदूक-परवान्याचं कार्ड काढून स्वतःचं पिस्तूल घेतलं.

“त्या अकरा मिनिटांत मला सरकार नव्हतं,” ते सांगायचे. “होतो तो फक्त मी.”

आमच्यातला कुणी म्हणायचा, “काका, पण इथल्या राज्यघटनेतला बंदुकीचा हक्क मिलिशियासाठी, म्हणजे नागरिकांच्या सेनेसाठी होता ना? सामान्य माणसासाठी कुठे?”

की बोट वर. “वाक्याचा पहिला भाग कारण सांगतो, की अशी सेना हवी. दुसरा भाग लोकांना शस्त्र बाळगायचा हक्क देतो. कारण जुनं झालं म्हणून हक्क जुना होत नसतो.”

यावर बोलायची हिंमत फक्त काकूंची. चहाचे कप ठेवता ठेवता त्या म्हणायच्या, “आणि शाळेत मेलेल्या पोरांचा हक्क कोणत्या भागात लिहिलाय हो?” काकांचं बोट खाली यायचं आणि ते चहा उचलायचे.

काकू कॅन्सरने गेल्या. घरात काकांना खोडून काढणारं कुणी उरलं नाही. दुपारचे पडदे बंद राहू लागले. मी शेजारून डबा घेऊन गेलो की म्हणायचे, “माझी तारीख उगाच पुढे ढकलली जातेय, दुसरं काय.” मला वाटायचं, वकिली विनोद.

त्यांची मुलगी अनघा चाळीस मिनिटांवर राहायची. एका रविवारी ती आली, तेव्हा पिस्तूल जेवणाच्या टेबलावर होतं, काकू बसायच्या त्या जागेसमोर. तिने मागितलं. त्यांनी दिलं नाही.

ती तशीच माझ्याकडे आली. “मी कोर्टात अर्ज करतेय. पिस्तूल काही काळ काढून घ्यायचा. साक्षीदार म्हणून सही करशील?”

“त्यांचा अपमान होईल, अनघा.”

“होऊ दे. अपमानाने माणूस मरत नाही.”

मी सही केली.

सुनावणीला काका एकटे आले. वकील नाही, दुभाषी नको म्हणाले. तीस वर्षांपूर्वीचा काळा कोट घातला होता. आणि काय बोलले म्हणून सांगू. घटनेतलं ते वाक्य, त्याचे दोन भाग, पंपावरची अकरा मिनिटं, शोक करणं हा गुन्हा नाही हा मुद्दा. न्यायाधीश बाईंनी पेन खाली ठेवलं. शेजारी अनघा ओढणीचं टोक पिळत होती. बापाला इतकं सुंदर बोलताना ती आयुष्यात पहिल्यांदा बघत होती.

मग बाईंनी एकच प्रश्न विचारला. “हे पिस्तूल स्वतःवर चालवावं असं तुमच्या मनात आलं होतं का?”

काकांनी शपथ घेतली होती. “नाही” एवढं म्हणाले असते, तर कदाचित जिंकलेही असते. त्यांनी चष्मा काढला.

“हो.”

“किती वेळा?”

“मोजलं नाही, युअर ऑनर.”

निकाल त्यांच्या विरुद्ध गेला. पिस्तूल पोलिसांकडे जमा झालं.

बाहेर कॉरिडॉरमध्ये अनघा रडत होती. काका तिच्याजवळ जाऊन म्हणाले, “अर्ज नेटका होता. फक्त तिसरा परिच्छेद लांबला.” माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

त्यानंतर ते तिच्याकडे राहायला गेले. वेळेवर जेवायचे, गोळ्या घ्यायचे, डॉक्टरकडे जायचे. मी भेटायला गेलो, की बंदुकीच्या कायद्यावरची ताजी बातमी मुद्दाम काढायचो. “असेल,” एवढंच म्हणायचे. दोन्ही हात मांडीवर. तो वाद घालणारा माणूस आम्ही त्या कोर्टात ठेवून आलो होतो, असं मला अजून वाटतं.

सात महिन्यांनी एका सकाळी त्यांचं हृदय थांबलं. अनघा जवळच होती.

पिस्तुलाचं काय करायचं ते सांगायला आम्ही दोघं पोलीस स्टेशनला गेलो. ऑफिसर नम्र होता. “वारस म्हणून तुम्हाला ते ठेवता येईल, मॅम. तुमचा हक्क आहे.”

“नष्ट करा,” ती म्हणाली आणि सही केली.

गाडीत बसल्यावर तिने विचारलं, “ते सात महिने मी त्यांना दिले, की त्यांच्यावर लादले रे?”

तिने गाडी सुरू केली, जराशी मागे घेतली आणि पुन्हा बंद केली. दोघांच्या नजरा समोरच्या भिंतीवर. मागच्या गाडीवाल्याने एकदा हॉर्न दिला आणि तो वळसा घालून निघून गेला.