आदरार्थी वाघ

आदरार्थी बहुवचनामुळे अख्खं गाव दारं लावून घेऊ शकतं, हे मला निवृत्त झाल्यावर कळलं. नोकरीत असताना कळलं असतं तर तो धडा मी जरा जपून शिकवला असता.

मी मराठीचा मास्तर. बायको, सुनंदा, डॉक्टर. जुन्नरला आमच्या घराच्या खालीच तिचा दवाखाना आहे. म्हणजे वर शुद्धलेखन आणि खाली खोकला. (खाली गर्दी असते. वर मी असतो.)

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतल्या डॉक्टरांची एक संघटना आहे. शाळेतली पोरं तपासायची, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला जाऊन साप चावल्यावर आधी काय करायचं ते समजावायचं, गावोगाव शुगर-बीपीची शिबिरं घ्यायची, असे त्यांचे उद्योग सतत चालू असतात. पण मला आवडते ती गोष्ट वेगळीच. एखादा डॉक्टर स्वतःच अडचणीत आला तर बाकीचे धावून जातात आणि पाळीपाळीनं त्याचा दवाखानाही चालवतात. त्यासाठी मोबाइलवर 'हाक' नावाचा ग्रुप आहे. तिथं फुलं, सुविचार, शुभ सकाळ सक्त मना! तिथं निरोप पडला की हातातलं इंजेक्शन टोचून संपवायचं आणि निघायचं. घोडेगावचे डॉक्टर मोटरसायकलवरून पडून घरी बसले तेव्हा त्यांचे पेशंट म्हणायला लागले, "राव, डॉक्टर रोज नवा आन् आजार तोच जुना!"

तर गेल्या वर्षी सुनंदा या संघटनेची अध्यक्ष झाली आणि तिनं पहिलंच शिबिर जाहीर केलं, हृदयतपासणीचं. ठिकाण, पिंपळवंडीशेजारचं माझं गाव. कागदोपत्री ते सगळ्या गावासाठी होतं. खरं तर ते एकाच माणसासाठी होतं, माझ्या थोरल्या भावासाठी.

दादा ऊस करतो आणि डॉक्टरांना भितो. अलीकडे बांध चढताना त्याला दम लागायचा. मध्येच थांबून तो छाती चोळायचा आणि आम्ही बघतोय हे दिसलं की पिकाची पाहणी करतोय असं दाखवायचा. सुनंदानं किती वेळा सांगितलं, "दादा, एकदा पट्टी काढून बघू हृदयाची."

"कशापायी? न्हाई बघितलं तर काय सापडत न्हाई. बघितलं की सापडतंय!"

वैद्यकशास्त्रात ही भर घालून दादा शेताकडे निघून जायचा. सुनंदा मात्र रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या म्हणायची, "अहो, मला भीती वाटते हो. सगळ्या तालुक्याला तपासते आणि घरातलाच माणूस हातचा जायचा." मग तिनं ठरवलं, डोंगर महंमदाकडे येत नाही तर मशीनच डोंगराकडे न्यायचं.

शिबिराच्या आदल्या दिवशी ठरलेले हृदयाचे डॉक्टर स्वतःच तापानं पडले. धावपळ करून सुनंदानं पुण्याचे दुसरे डॉक्टर मिळवले. बारीक अंगाचे, हळू आवाजात बोलणारे, मुंगीलाही "जरा सरकता का?" म्हणतील असे सज्जन गृहस्थ. आडनाव वाघ.

इथं एक सांगायला हवं. बिबट्याला 'बिबट्या' फक्त वनखातं आणि पेपरवाले म्हणतात. आमच्या गावाला तो वाघच. आणि नेमक्या त्याच आठवड्यात ओढ्याकाठच्या उसात मादी पिल्लांसकट दिसलेली होती.

गावात दवंडी द्यायचं काम सुनंदानं माझ्याकडे दिलं. (दिलं म्हणजे मी हिसकावून घेतलं. स्नेहसंमेलनांतून निवेदन करून करून माझ्या आवाजाला एक प्रतिष्ठा आली आहे, असं माझं मत आहे.) तिनं बजावलं, "अहो, एवढंच सांगायचं. शिबिर सुरू झालंय, या. अलंकार नकोत."

मांडव आणि स्पीकर जुन्नरच्या अस्लमभाईंचे. शाळेच्या छपरावर देवळाच्या दिशेनं त्यांनी मोठा कर्णा बांधला आणि माइक माझ्या हातात दिला.

"सर, मशीन एक नंबर हाय! दोन गावं पलीकडं आवाज जातोय. फकस्त थांबून परत बोललं की पयला शब्द गिळतंय."

"म्हणजे?"

"म्हंजे दर वाक्याला आधी 'हॅलो' म्हनायचं. हॅलो मशीनला, बाकीचं पब्लिकला."

"अस्लमभाई, मी जन्मभर मराठी शिकवलं. माझ्या तोंडून 'हॅलो' निघणार नाही!"

"मग तुमी आन् मशीन बघून घ्या," असं म्हणून ते चहाला गेले.

मी खाकरलो. (तेवढं स्वच्छ ऐकू गेलं.) आणि भारदस्त आवाजात सुरुवात केली:

"डॉक्टर वाघ आलेत! आत्ता शाळेत आहेत! म्हाताऱ्या माणसांना आधी बघणार आहेत! बिचारे सकाळपासून उपाशी आहेत, त्यांना फार वेळ थांबवू नका!"

मशीननं इमानेइतबारे प्रत्येक वाक्याचा पहिला शब्द गिळला. गावानं ऐकलं ते असं:

"वाघ आलेत! शाळेत आहेत! माणसांना आधी बघणार आहेत! सकाळपासून उपाशी आहेत, त्यांना फार वेळ थांबवू नका!"

आता मी 'वाघ आला' म्हटलं असतं, तर गावानं एक वाघ धरला असता. एका वाघाला आमचं गाव फारसं दचकत नाही. पण मी पडलो संस्कारी. पुण्याच्या डॉक्टरांना 'आला' कसं म्हणणार? मी आदरानं 'आलेत' म्हटलं आणि गावानं हिशेब केला, मादी आणि पिल्लं, सगळं खटलं घेऊन आलीय!

क्षणात दारं धडाधड लागली. बायकांनी पोरं आत ओढली, म्हाताऱ्यांनी शेरडं. कुणी गच्चीवर थाळी बडवायला लागलं, कुणी ट्रॅक्टरचा हॉर्न दाबून धरला, कुणी दिवाळीतले उरलेले सुतळी बॉम्ब काढले. मी शाळेच्या पायरीवर उभा राहून सुनंदाला म्हणालो, "बघ! लोक फटाके वाजवून स्वागत करतायत. निवेदनाला अलंकार लागतात ते यासाठी."

"मग माणसं कुठं आहेत?" सुनंदानं विचारलं.

प्रश्न बरोबर होता. रांगेसाठी मांडलेल्या खुर्च्यांवर एक कुत्रंसुद्धा नव्हतं.

तेवढ्यात समोरच्या गच्चीवरून बबन ओरडला. हा माझा जुना विद्यार्थी. अंगानं दांडगा, व्याकरणात कच्चा. "सर! पळा! वाघ कुठंयत?"

त्याला वाघ सरांना भेटायची एवढी घाई झालेली बघून माझा ऊर भरून आला. मी ओरडलो, "खिचडीच्या खोलीत! चहा घेतायत!"

'चहा'वर नेमका सुतळी बॉम्ब फुटला. बबन गच्चीवरून खाली उतरला, वाऱ्यासारखा आला आणि शाळेत जिथं पोरांची खिचडी शिजते त्या खोलीला बाहेरून कडी घालून पाठ लावून उभा राहिला. "कोंडलं! वाघ कोंडलं! वनखात्याला फोन करा!"

आत वाघ सर बिस्किट बुडवत होते. 'वाघ' आणि 'वनखातं' एवढंच त्यांच्या कानावर गेलं. पुण्याचा माणूस, त्यांनी झटकन आतून कडी लावली. एकाच दाराच्या दोन्ही बाजूंना दोन माणसं, दोघंही एकाच वाघाला भिऊन, जीव खाऊन दार धरून उभी!

आतून बारीक आवाज आला, "अहो... गेला का?"

बबन पांढरा पडला. "सर, आत मानूस बी हाय! कोन हाय आत?"

"मी वाघ!"

बबन जो उडाला तो थेट पाण्याच्या टाकीवर जाऊन बसला. "बोलतोय! आईशप्पत बोलतोय!"

मला सगळा उलगडा इथं झाला. पण उलगडा होऊन उपयोग काय? माझ्या शब्दावर वाघ सर आतली कडी काढेनात आणि फटाक्यांपुढे कर्णाही कुणाला ऐकू जाईना. सुनंदा माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होती, तिच्यापेक्षा मला उसातली मादी परवडली असती.

एव्हाना गावातल्या कुणीतरी जुन्नरला दवाखान्यात फोन लावून कळवलं होतं, "डॉक्टरीणबाई शाळेत हायती आन् वाघ बी शाळेत हायती." कंपाउंडरनं तो निरोप आणखी शुद्ध करून 'हाक'वर टाकला: 'मॅडमच्या शिबिरात वाघ घुसलेत. सगळ्यांनी या.'

आणि आले की हो सगळे! जुन्नरचे आले, नारायणगावचे आले. घोडेगावचे डॉक्टर बर्फाच्या पेटीत रेबीजची लस घेऊन आले. एक बाळंतपणाच्या डॉक्टर हिरव्या गाउनमध्येच आल्या. दातांचे डॉक्टर आपली पेटी घेऊन आले. (ते वाघाचं नेमकं काय करणार होते, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही.) गाड्यांवर गाड्या शाळेच्या मैदानात शिरल्या, तशी दारं किलकिली झाली आणि माणसं काठ्या घेऊन बाहेर यायला लागली.

आणि या सगळ्यांतून, उसातनं, हातात कोयता घेऊन दादा पळत आला.

"आमची डॉक्टरीण कुठंय? तिला आधी भाईर काढा!"

"दादा, मी इथं आहे! काही झालेलं नाही!" सुनंदा पुढं धावली. "वाघबिघ काही नाही. यांनी घोळ घातलाय!"

"न्हाई ना काय झालं तुला? बरं..." दादा म्हणाला आणि पायरीवर बसला. कोयता हातातून गळून पडला. चेहरा राखेसारखा, सदरा घामानं ओला आणि एक हात छातीवर. या वेळी पाहणी करायला समोर पीक नव्हतं.

मी नुसताच 'दादा, दादा' करत राहिलो. सुनंदा मात्र क्षणभरही डगमगली नाही. तिनं दादाला टेकवून बसवलं, जिभेखाली गोळी दिली आणि खिचडीच्या खोलीकडे बघून ओरडली, "वाघ सर! बाहेर या!"

अख्खं मैदान दोन पावलं मागं सरलं. बाहेरची कडी मी काढली, आतली त्यांनी. दारातून बारीक अंगाचे गृहस्थ मिशीला बिस्किटाचा चुरा लागलेल्या अवस्थेत बाहेर आले. गावानं त्यांच्याकडे बघितलं. मग गावानं माझ्याकडे बघितलं. त्याबद्दल मी अधिक लिहीत नाही.

पण तो भित्रा माणूस दादाजवळ बसला आणि एकदम वेगळाच झाला. हात स्थिर, आवाज स्थिर. तारा लावल्या, मशीनमधून पट्टी निघाली, त्यांनी ती सुनंदाला दाखवली. मग वाघ सर म्हणाले, "दादा, आपल्याला पुण्याला जायचंय. आत्ता."

"ऊस तोडायचा हाय वो माझा."

"ऊस उभा राहील. तुम्ही उभं राहायला हवं ना?"

दादानं मान डोलावली. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं डॉक्टरचं ऐकलं, ते वाघाचं! पुढचं सगळं 'हाक'वाल्यांनी केलं. नारायणगावच्यांनी गाडी काढली, घोडेगावच्यांनी पुण्याच्या दवाखान्यात फोन लावून खाट तयार ठेवली, वाघ सर स्वतः शेजारी बसले. नस तुंबली होती, ती वेळेत उघडली. आणखी थोडे दिवस बांधावर पिकाची पाहणी करत राहिला असता तर दादा राहिला नसता, असं वाघ सर नंतर म्हणाले. दवाखान्याच्या जिन्यात सुनंदा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मीही रडलो. मग ती म्हणाली, "तरी अलंकार नकोत म्हटलं होतं," आणि डोळे पुसता पुसता हसत सुटली.

इकडे गावात वाघ बघायला जमलेली गर्दी आणि वाघाशी लढायला आलेले डॉक्टर समोरासमोर उरले होते. कुणीतरी म्हणालं, "आलाच हाय तर बघून घ्या की राव आमाला." संध्याकाळपर्यंत रांग हटली नाही. बबनला टाकीवरून उतरवून सगळ्यात आधी तपासलं. हृदय ठणठणीत, फक्त ठोके मोजवत नव्हते. सुनंदा पुण्यात होती तोवर तिचा दवाखाना बाकीच्यांनी पाळीपाळीनं सांभाळला. जुन्नरचे पेशंट दातांच्या डॉक्टरांनाही आपला खोकला ऐकवून गेले.

दादा आता झकास आहे. पारावर बसून पाहुण्यांना सांगतो, "वाघानं माजा जीव वाचवला." आणि मला बघितलं की विचारतो, "काय मास्तर, आज किती वाघ?"

मीही धडा घेतला. शपथच घेतली, की पुन्हा माइकवर आदरार्थी बहुवचन वापरणार नाही. एकाला एक म्हणायचं. संघटनेच्या वार्षिक मेळाव्याला मी हातापाया पडल्यामुळे पुन्हा मला निवेदन मिळालं. या वेळी मी मशीनला मान देऊन 'हॅलो, हॅलो' म्हणालो आणि दोन तालुक्यांच्या समस्त डॉक्टरांपुढे खणखणीत घोषणा केली:

"हॅलो, आपल्या संघटनेची अध्यक्ष आली आहे! हॅलो, आता ती बोलेल! हॅलो, गप्प बसून तिचं ऐका!"

सभागृहात अर्थाचा जराही घोटाळा झाला नाही. घोटाळा घरी आल्यावर झाला. त्या संध्याकाळी आमच्या वरच्या मजल्यावर वाघीण आल्या होत्या. होती एकच, पण आदरार्थी बहुवचनाशिवाय तिच्याशी बोलायची माझी छाती झाली नाही.