नाम्याच्या पुढं कोण पळणार?

मन्या, सायकल स्टँडला लाव आणि आधी ऐक! चहा नंतर. आत्ता सोनईहून येतोय. शर्टावर हा गुलाल बघतोस ना?

आमच्या ग्राउंडवरचे किस्से म्हणजे तिथली धूळ आहे रे. कितीही झटका, मोज्यातून घरापर्यंत येतातच. त्यातले निम्मे तर एकट्या नाम्याचे. आजचा मात्र... थांब, आजचा असा एकदम नाही कळायचा. जरा मागून यावं लागेल.

* * *

नाम्या म्हणजे आमच्या कॉलेजचा लाँग डिस्टन्सवाला. राजूरकडचा, डोंगरातला. लहानपणी थोरल्या भावाच्या मागं पळत पळत शाळेत गेलेला. भाऊ पुढं, हा मागं. त्यामुळं झालंय काय, पुढं कुणी असलं की हा घोडा! आणि पुढं कुणी नसलं की याचे पायच उचलत नाहीत.

आमच्या खेळाच्या सरांनी उपाय काढला. मला लुनावर बसवलं. पुढं माझी लुना, मागं नाम्या. काय पळायचा राव! एक दिवस ग्राउंडच्या पार त्या टोकाला पेट्रोल संपलं. लुना थांबली. नाम्यापण थांबला. सर इकडून बोंबलतायत, "अरे पळ! पळ!"

नाम्या शांतपणे मला म्हणतो, "ढकल की जरा. मी हाय मागं."

* * *

यंदा त्याचं शेवटचं वर्ष. झोनल स्पर्धा सोनईला. तिथं जो पहिला, तोच युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये. दुसऱ्याला फक्त टाळ्या. आणि टीमचं सर्टिफिकेट हातात आलं की पोलीस भरतीत वजन पडतं. नाम्या तीन वर्षं तेवढ्यासाठीच पळतोय, दुसरं काही डोक्यात नाही त्याच्या. पंधराशे, पाच हजार, दहा हजार मीटर, असे तीन चान्स. एक तरी लागेलच ना?

काल सकाळी पंधराशे. शेवटच्या राउंडला पुढचे दोघं एकमेकांच्या पायात अडकून धाडकन पडले. नाम्या एकदम पहिला! मी उड्या मारतोय, सर शिट्टी फुंकतायत. आणि नाम्या कावराबावरा. सारखा मागं वळून बघतोय. स्लो झाला. वर मागच्यांना चक्क हात केला, या म्हणून!

चौथा आला.

सर म्हणाले, "हात कशाला केलास रे?"

"मला वाटलं सर, वाट चुकलो का काय."

गोल ग्राउंडवर!

* * *

दुपारी पाच हजार. त्यात गाडे होता. सोनईचाच गडी, गावाचा हिरो, सुरुवातीपासून पुढं पळणारा. नाम्याला दुसरं काय पाहिजे? ट्रॅक्टरला उसाची ट्रॉली जोडावी तसा अख्खी रेस गाडेच्या मागं. रेस संपल्यावर गाडे तोंड धुवायला नळावर गेला, तर हा त्याच्या मागं नळावर!

सेकंड. एका पावलानं.

सर रडकुंडीला आले. "शेवटी ओव्हरटेक करायचं असतं रे बाबा!"

"सर, तो थांबलाच न्हाई."

* * *

मग दोघं लिंबाखाली गाडेच्या आईनं दिलेली भाकरी-पिठलं खात बसले. मी शेजारीच. गाडे म्हणतो, "उद्या बी माज्यामागंच ये बरं का. तुजा पाय वाजला का मला जोर येतो."

"येतो की," हा लगेच!

मी त्याला बाजूला ओढला. म्हटलं, "नाम्या, उद्याची शेवटची रेस. भरती आठव. उद्या काही झालं तरी पुढं जायचं."

"जाईन. पर म्होरं गेल्यावर कुनाच्या मागं पळू?"

मन्या, मला जेवण गेलं नाही.

* * *

आज दहा हजार. पंचवीस राउंड. आमच्या झोनमध्ये पद्धत अशी, की आपल्या पोराचे राउंड आपण मोजायचे नाहीत, भांडणं होतात. दुसऱ्या कॉलेजच्या पोराचे मोजायचे. मला कोण आला? गाडे! डाव्या खिशात पंचवीस खडे, एक राउंड झाला की एक खडा उजव्या खिशात. हाताला इतका घाम की खडे चिकटायला लागले. मागं गाडेचा चुलता उभा, पटक्याचं टोक कानामागं खोचून.

"पोरा, जपून मोज. आमचं ध्यान हाय."

मधेच वाटलं, दोन एकदम टाकले का काय! परत मोजले. बरोबर होते. परत मोजले.

* * *

आता ऐक. शेवटच्या राउंडला घंटा देतात. घंटा म्हणजे लिंबाला टांगलेला लोखंडी रूळ. गाडे पुढं, नाम्या दोन पावलं मागं, बाकीचे अख्खा राउंड मागं. माझ्या डाव्या खिशात एकच खडा. दोघं रेघेवर आले आणि ठण्‌ ठण्‌ ठण्‌!

गाडेच्या गावाला वाटलं, घंटा झाली म्हणजे मॅच सुटली! हलगी कडाडली, गुलाल उडाला, शंभरेक माणसं ग्राउंडमध्ये घुसली आणि गाडेला उचलून खांद्यावर घेतला. तो वरून पाय झाडतोय, "आरं सोडा! राह्यलाय अजून!" ऐकतंय कोण?

आणि नाम्यासमोर ग्राउंड मोकळं. फक्त एक राउंड. चालत गेला असता तरी पहिला होता रे! मी घसा फोडून ओरडलो, "नाम्या, पळ!"

त्यानं पुढं बघितलं. कुणी नाही. थांबला. मग त्या गर्दीत घुसला आणि गाडेचा पाय धरून खाली ओढायला लागला.

"उतर की खाली! म्होरं कोन पळनार?"

ओढला खाली. दोघं डोक्यापासून पायापर्यंत लाल. पळाले परत! गाडे पुढं, नाम्या मागं. शेवटच्या वळणाला गाडेच्या डोळ्यात गुलाल गेला. डोळे चोळतोय, झोकांड्या खातोय. आणि नाम्या त्याच्या बरोबरीला आला. मी त्याला कुणाच्या बरोबरीनं पळताना पहिल्यांदाच बघितला. दोघं एकदमच रेघेवर!

चेस्ट नंबर लाल, तोंडं लाल. एक पंच गर्दी हाकलत होता, दुसरा चष्म्यावरचा गुलाल पुसत होता. तो म्हणाला, "पहिला कोण?"

नाम्या धापा टाकत म्हणाला, "हा म्होरं हुता."

गाडे म्हणाला, "न्हाई सर, मला रेघच दिसली न्हाई. ह्योच असंल."

हलगी बंद. पंच माझ्याकडे वळले. "गाडेचा काउंटर तू ना? रेघेवरच होतास. सांग."

रेघेवर मीच होतो मन्या. आणि मी बघितलं होतं, दोघांत केसाचाही फरक नव्हता. मागं चुलता. समोर सर, हात जोडून. आणि नाम्या? तो जाऊन गाडेच्या मागं उभा!

मुठीत तो शेवटचा खडा. सांग ना, तू काय सांगितलं असतंस?