काशीअक्काचा सोनमोहर

काशीअक्का उभ्यानं जेवायची. हातात ताटली आणि डोळे रस्त्यावर. लग्न होऊन मी हुमनाबादला आले तेव्हा ही शेजारीण मला पहिल्यांदा दिसली ती अशीच. "बस की अक्का," म्हटलं तर म्हणायची, "बसलं की जीव खालीवर व्हतोय बाई. उभंच बरं."

तिच्या दारात सोनमोहर होता. नवरा तुकाराम पुण्याला बांधकामावर जाण्याआधी रोप लावून गेला होता. सुरुवातीला तो दिवाळीला यायचा, पुढं तेही थांबलं. झाड मात्र घराच्या वर गेलं. उन्हाळ्यात पिवळ्याधमक तुऱ्यांनी असं भरायचं की बसमधली माणसं खिडकीतून वाकून बघायची. अक्का दिवसभर खाली पडलेली फुलं झाडायची. पुन्हा सडा पडायचा, पुन्हा खराटा.

तुकारामानं तिकडं दुसरं घर केल्याचं तिच्या भावानं दुबलगुंडीहून येऊन सांगितलं. पत्ताही दिला. "चल अक्का, माझ्याकडं ऱ्हा," म्हणाला.

"मी हालले तर त्यानं कुटं हुडकायचं? लांबून झाड दिसतंय, म्हनून हितं हाय."

मग रस्ता रुंद करायचं निघालं. खोडावर चुन्याची फुली पडली. अक्का कुणाशी भांडली नाही. मुकादमाला एवढंच म्हणाली, "अण्णा, फुलं झडूस्तोर थांबा." त्याला ते जमण्यासारखं नव्हतं. दुपारपर्यंत झाड फुलांसकट आडवं झालं. अक्का अंधार पडेपर्यंत त्या फांद्यांतून नुसती फिरत राहिली.

सकाळी पिशवी घेऊन माझ्या दारात. "पुन्याला जायलेय."

"आता कामून?"

"झाड न्हाई, हे त्याला कळाया नगं? यील आन् घर चुकंल."

दोन-तीन दिवसांनी परतली. मी चहा केला, तर कप हातात घेऊन अंगणात येरझारा घालू लागली.

"भेटले का?"

"भेटला. त्या बाईनं पानी दिलं, च्या दिला. वाईट न्हाई ती. म्या त्याला म्हनलं, आपलं झाड तोडलं."

"मग?"

"म्हनला, कुटलं झाड?"

त्याच आठवड्यात तिनं घराला कुलूप लावलं आणि भावाकडं निघाली. ती जीपमध्ये चढत असताना मी विचारलं, "कुणी आलंच तर पत्ता सांगू का?"

तिनं पिशवी आत ठेवली. "सांग की," म्हणाली. "पर मी वाट बघायली न्हाई, ते बी सांग."