नानीचा हात

आम्ही बहरीनला राहतो, दुसऱ्या माळ्यावर, आणि आमच्या समोरच्या दारात एक बाई राहते, मोंबासाची, काळी, उंच, झल्लाकच्या हॉटेलात कामाला. तिची सुट्टी असली की माझी सहा वर्षांची पोरगी तिकडंच. चप्पल पण घालत नाय, पळते. मी हाक मारली की इंग्लिशमधून उत्तर, "फाइव्ह मिनिट्स, मम्मी." ती पाच मिनिटं कधी संपतच नाय.

पहिल्यांदा मी तिला आणायला आत गेले तर भिंतीवर बायाच बाया. मासिकातून कापलेलं कपाळ, दुसऱ्याच कुणाचे डोळे, अंगावर खऱ्या कापडाचे तुकडे, केसांच्या जागी काळा दोरा. सगळं कापून चिकटवलेलं, तरी माणूस वाटावं असं. मी विचारलं कोण या. ती हॉटेलात शिकलेल्या हिंदीत म्हणाली, "मेरी ग्रँडमदर, उसकी मदर, उसकी मदर. फोटो मफी, सिस्टर. इसलिए मैं बनाती." मफी म्हणजे नाय.

मी एकदम जळले तिच्यावर. का ते मलाच कळेना. एक पण फोटो नाय आणि भिंत भरून बाया.

मी मुरुडची. माझी नानी सिद्दी होती. आमच्याकडं सिद्दी म्हणजे पूर्वी आफ्रिकेतून आलेली माणसं, त्यांचेच नवाब होते, पण लग्नाचं निघालं की नवाब कुणी काढत नाय, हबशी म्हणतात आणि गप होतात. नानीचे केस कुरळे, दाट, फणी मोडणारे. तेच मला आले, मी स्कार्फ बांधते आणि घरी केस सरळ करायची मशीन फिरवते. पोरीला पण आले. तिला रोज तेल लावून मी इतके ओढून बांधायचे की ती म्हणायची डोळे दुखतात.

माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलाकडच्यांनी घरचा फोटो मागितला. एकच चांगला फोटो होता, ईदचा, त्यात मी मध्ये, बाजूला आई आणि या बाजूला नानी. आईनं शिवणाची कात्री घेतली आणि नानीला कापून काढलं. घाईत तिचा हात राहिला, माझ्या खांद्यावर. सासूनं लगेच धरलंच, "हा हात कुणाचा गं?" आईनं सांगितलं शेजारणीचा. नानी तिथंच होती, कामवालीसारखी चहाचे कप गोळा करत. मी बहरीनला निघाले त्या दिवशी तिनं तो कापलेला तुकडा माझ्या पासपोर्टच्या कव्हरात सरकवला, म्हणाली, "तुझ्याकडंच असू दे." पुढच्या वर्षी ती गेली.

नवऱ्याला मी काय सांगितलं नाय. आठ वर्षं. व्हिसा त्याच्यावर, घर त्याच्यावर, मी आठवी नापास, तो बोलला जा तर मी कुठं जाणार.

आता त्या बाईचं ऐका. एका दुपारी तिनं माझ्या पोरीच्या बारीक बारीक वेण्या घातल्या, मणी लावून. पोरगी मान हलवत घरी आली, मणी वाजवत. मी सोडायला बसले तर किंचाळली, "आंटी सेड इट्स ब्यूटिफुल." मी कधी म्हटलंच नव्हतं. वेण्या तशाच राहिल्या, पण मला त्या बाईचा इतका राग आला.

मग शाळेनं घरच्या माणसांचा चार्ट करायला सांगितला. पोरगी चार्ट घेऊन परस्पर समोर गेली. परत आणला तर त्यावर पप्पा, मी, गावची दादी, आणि एका कोपऱ्यात कापून चिकटवलेली बाई, दोऱ्याच्या केसांची.

"ही कोण?"

"माय नानी की नानी. आंटी गेव्ह मी. वी डोन्ट हॅव, ना."

मी तिथल्या तिथं ती उपटून काढली. कागद पण फाटला. पोरगी रडायला लागली, समोरची धावत आली, "क्या हुआ, सिस्टर?" मी म्हटलं, "मेरी लडकी का नानी का घर है. तुम्हारा नहीं मंगता." ती चिडली नाय. तिनं नुसतं विचारलं, "किधर है?"

त्या किधरनंच मी गेले आत. पासपोर्ट काढला, अल्बममधला फोटो काढला, टेबलावर दोन्ही ठेवले आणि तुकडा सरकवला. नानीचं मनगट नानीच्या हाताला लागलं. ती बाई किती तरी वेळ नानीच्या केसांकडं बघत होती, मग माझ्या स्कार्फकडं. मी म्हटलं, "मेरी मां की मां." मला वाटलं आता मिठी मारेल, पण ती खाली बसली आणि हळूच म्हणाली, "तुम्हारे पास फुल है." फुल म्हणजे अख्खी. तिचे डोळे भरलेले. पहिल्यांदा तीच माझ्यावर जळत होती, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

ती गोंद लावायला गेली तर मी डबी ओढून घेतली. "मैं लगाएगी." फाटलेल्या जागी फोटो लावला, त्याला लागून नानी बसली. मधली कात्रीची रेघ दिसत होती, मी त्यावर लेस लावायला निघाले, तर ती म्हणाली, "नो. लाइन छोडो." सोडली. तेवढं तिचं ऐकलं.

साडेपाचला सित्राहून नवऱ्याची कंपनी बस आली. नवरा बूट काढता काढता चार्टजवळ थांबला.

"हा हात शेजारणीचा ना?"

"नानीचा," मी म्हटलं. "आईनं कापलेली. सिद्दी होती ती."

त्यानं वाकून बघितलं. मग पोरीच्या वेण्यांतला एक मणी धरला, सोडला. "एवढी वर्षं मला वाटायचं, शेजारीण एवढी खांद्यावर हात टाकून कशाला उभी राहील," तो म्हणाला. मग मोबाइल काढला, चार्टचा फोटो घेतला. शाळेचं काय पण असलं की तो गावी माझ्या सासूला पाठवतोच. "अम्माला पाठवू?"

"पाठवा."

"सेंड टू आंटी फर्स्ट," पोरगी म्हणाली.

"आधी गावी," मी म्हटलं. "आंटीला मग."