सुमतीबाईंचे ऊन हात

सुमतीबाई चहा प्यायच्या कमी, धरायच्याच जास्त. पोट तपासण्याआधी पेला दोन्ही तळव्यांत धरून बसायच्या आणि तो निवला की मोरीत ओतायच्या. त्या डॉक्टर, आणि नंदुरबारला त्यांच्या लहानशा प्रसूतिगृहात मी नर्स होते. "बाई, प्यायचा नाही तर पेला धरून का बसता?" असं म्हटलं की म्हणायच्या, "गार हात लागला की आई पोट आवळते. मग मला बाळ कसं सापडणार?"

साठ सालच्या सुमाराची ही गोष्ट. पोटातलं बाळ पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राचं आम्ही नावही ऐकलं नव्हतं. बाईंचे हात, एवढंच काय ते. बोलणं मात्र फटकळ. बाळ आडवं असलं तर आडवं म्हणायच्या, ठोके लागत नसले तर तेही तोंडावर सांगायच्या. "खोटा धीर मी देत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बायका रडत घरी जायच्या आणि पुन्हा त्यांच्याकडेच यायच्या.

तापीकाठच्या एका शेतकरी घरातली कमल सातव्या महिन्यात आली. बाईंचे हात तिच्या पोटावर फिरत राहिले, पण टणक, गोल डोकं काही लागेना. त्यांनी तिला सुरतेला धाडून एक्स-रे काढवला. पाठीचा कणा दिसत होता, वर कवटी नव्हती.

कमलला एकटीला बसवून बाईंनी सांगितलं, "बाळ जगणार नाही. तुझं काही चुकलेलं नाही."

"ग्रहणना दिन मी केळीनं पान कापं व्हतं," कमल कुजबुजली. "सासूले समजनं ते ती माले घरमा ठेवाव नही."

"पान कापल्यानं असं होत नाही, बाळा."

जन्मल्यावर बाळाने दोन-चार श्वास घेतले, तेवढेच. सासूने फडकं उचलून पाहिलं नि ती सुनेवर उलटली. "ग्रहणमा काय कापं तू? सांग! आते मन्हा घर येवू नको."

कमल तोंड उघडणार, तोच बाई मध्ये आल्या. "तिला काय विचारता? मी दिलेल्या इंजेक्शनाने झालं हे. चूक माझी आहे."

कमलला असलं इंजेक्शन कधी दिलंच नव्हतं. सासूने बाईंचा उद्धार केला, पण सुनेला गाडीत घालून घरी नेलं. मला बाईंचा भयंकर राग आला. "हे काय केलंत?" मी विचारलं.

"तिला घर राहिलं ना?" त्या म्हणाल्या. "कुणाकडे बोलायचं नाही."

मिरचीच्या बाजारातून गोष्ट गावोगाव गेली. बायका येईनाशा झाल्या. प्रसूतिगृह बंद पडलं आणि त्या खोल्यांत एका व्यापाऱ्याची पोती रचली गेली. बाई सांगलीला भावाकडे गेल्या, तिथेच खंगून वारल्या.

कमलला पुन्हा दिवस गेले तेव्हा मी दुसऱ्या दवाखान्यात होते. सासूच तिला घेऊन आली. मी आधी चहाचा पेला तळव्यांत धरला. कमल त्याच्याकडे बघत राहिली.

"ती बाई कोठे शे?" सासूने विचारलं.

वारल्या, मी म्हटलं.

"बरं झायं. मन्हा नातू खादा तिनी."

तेवढ्यात माझ्या बोटांना टणक, गोल डोकं लागलं. मी ते सांगणार, तर हाताखालचं पोट हलू लागलं. कमल ओठ घट्ट मिटून रडत होती.