एका गीताच्या तीन चाली

आमच्या गावच्या चर्चमध्ये उपकारस्तुतीचं एक गीत आहे, ते आजही तीन वेगवेगळ्या चालींत म्हणतात. सात कडव्यांचं गीत. पहिलं कडवं जात्यावर बसल्यासारखं संथ, दुसरं लग्नातल्या बँडसारखं, तिसरं हलगीच्या ठेक्यावर, आणि मग पुन्हा पहिल्यापासून. नवे पाळक आले की पहिल्या रविवारी त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो. मग कोणीतरी त्यांना समजावतं, "जुनी परंपरा आहे साहेब." अशा वेळी मी खाली बघून पदर नीट करते. त्या परंपरेचं वय मला चांगलं ठाऊक आहे. ती मीच पाडली, वयाच्या अकराव्या वर्षी, निव्वळ थापा मारून.

निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली असतील. आमचं गाव लोहाऱ्याच्या बाजारापासून दोन कोस आत, माकणीच्या वाटेवर. गावात ख्रिस्ती घरं चौदा. वरच्या आळीला पाच, खालच्या आळीला पाच आणि मधे आमची चार. चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो. दगडमातीची एक लांब खोली आणि वर मातीचं माळवद, एवढंच ते देऊळ. एका पावसाळ्यात माळवदाची मधली तुळई मोडली आणि अर्धं छत खाली आलं. आत कोणी नव्हतं म्हणून निभावलं. दाराला कुलूप लागलं.

"दोन महिन्यांत उघडू," असं सगळे म्हणाले. तोवर मागच्या लिंबाखाली बसायचं ठरलं. चार रविवार बसलो. मग पेरण्या आल्या, मग सुगी आली, मग ऊन असं तापलं की लिंबाची सावलीसुद्धा पोळायला लागली. माणसं एकेक करून गळाली. पेटी वाजवणाऱ्या मास्तरांची बदली झाली, ते पेटीसकट गेले. आमचे पाळकसाहेब आठ कोसांवर उमरग्याला राहायचे, त्यांच्याकडं गावं पुष्कळ. दोन महिन्यांतून एकदा यायचे आणि कोणाच्या तरी ओसरीवर बसून जायचे. बाकीचे रविवार ज्यानं त्यानं आपापल्या घरात प्रार्थना करायची. असं करता करता तीन वर्षं गेली.

छताबरोबर गीतांची पुस्तकंही गेली. जी भिजली नाहीत ती वाळवीनं खाल्ली. वाचलं ते एकच. आजीनं ते त्या आठवड्यात माझ्याकडून वाचून घ्यायला घरी आणलं होतं. मग ते पुस्तक गावभर फिरायला लागलं, आणि पुस्तकाबरोबर मी. कारण अक्षर वाचणारी बाईमाणसांत मी एकटी, आणि गळाही बरा होता. बरा म्हणजे मोठा.

मी घरोघर जायची, बाया भोवती बसायच्या, मी त्या उपकारस्तुतीच्या गीताचं कडवं वाचायची आणि मग कोणीतरी विचारायचं, "पर चाल कशी व्हती गं याची?"

आता खरं सांगायचं तर मास्तरांची पेटी चालू असताना मी कधी चालीकडं लक्षच दिलं नव्हतं. मी पेटीच्या भात्याकडं बघत बसायची. पण "मला माहीत नाही" हे शब्द त्या वयात माझ्या तोंडातून निघत नसत. अंगात ताप असला तरी निघाले नसते. वरच्या आळीत विचारलं तेव्हा मी नुकतीच लोहाऱ्याला एका लग्नात बँड ऐकून आले होते. मी मान ताठ करून त्याच चालीत गीत म्हणून दाखवलं. "मास्तर अशीच वाजवायचे," असंही वर सांगितलं. पंधरा दिवसांनी खालच्या आळीत गेले, तर वरच्या आळीला काय शिकवलं ते विसरून गेले होते. तेवढ्यात वाटेनं जत्रेला चाललेल्या लोकांची हलगी ऐकू आली. देवानंच पाठवली, असं मला वाटलं. खालच्या आळीला हलगीची चाल मिळाली. आणि आमच्याकडं आजी ते गीत पहाटे दळताना जात्याच्या घरघरीवर म्हणायची; तिला चाल सांगायची माझी हिंमत नव्हती.

लोक मला "धाकली पाळकीण" म्हणायचे. मला ते खरंच वाटायचं. चालताना मी हात मागं बांधायची, पाळकसाहेबांसारखे.

तिसऱ्या वर्षी उन्हाळ्यात देवळाचं काम निघालं. मातीच्या माळवदाऐवजी पत्रे घालायचे ठरले. चौदाही घरांनी हात लावला. पत्रे चढत होते तेव्हाच उमरग्याहून चिठ्ठी आली. बापानं ती ओट्यावर बसून वाचली. उपासना सुरू व्हायच्या पहिल्या रविवारी वरून मोठे पाळक येणार. गावात अजून मंडळी, म्हणजे एकत्र उपासना करणारी माणसं, उरली आहे का, ते बघणार. उरली नसेल तर चौदा घरं उमरग्याच्या मंडळीत घालणार, आणि इथलं देऊळ बंद ते बंदच.

आजी भिंतीला टेकून ऐकत होती. तिचे गुडघे धरलेले. देवळापर्यंत जायचं तरी मधे दोनदा बसावं लागायचं. आणि उमरग्याची मोटार लोहाऱ्यापर्यंतच यायची.

"उमरगा," ती म्हणाली. "म्हंजी म्या गेलेच की मंडळीतनं."

"तसं न्हाय आई," बाप म्हणाला.

"मग कसं? तू पाठुंगळी घेऊन जाणार हाईस दर आयतवारी?"

मग तिनं मला जवळ बोलावलं. देवळात बायकांच्या बाजूला, खिडकीखाली तिची जागा होती. चाळीस वर्षं ती तिथं बसली होती आणि भिंतीला तिच्या डोक्याच्या तेलाचा एक काळा गोल डाग पडला होता. "चुना देतील तवा तेवढा डाग ऱ्हाऊ दे म्हणावं," ती म्हणाली. "जागा हुडकायला बरं पडतं." मी हो म्हटलं. मी सगळ्यालाच हो म्हणायची.

उपासनेच्या आदल्या दिवशी दुपारी सगळ्या आळ्यांच्या बाया देवळात सारवायला जमल्या. एका कोपऱ्यात वरच्या आळीच्या, दुसऱ्या कोपऱ्यात खालच्या, मधे माझी आई आणि चुलती. हात चालले की बाया गुणगुणतातच. आणि तेव्हा मला ऐकू आलं. इकडून बँड, तिकडून हलगी, मधून जातं. आणि गीत एकच. पाळकसाहेबांनी चिठ्ठीत लिहिलं होतं की उद्या सुरुवात त्याच गीतानं करायची.

शेणाची पाटी तिथंच टाकून मी वरच्या आळीच्या एका काकूंकडं सरकले. "काकू, ती चाल जरा वेगळी होती बहुतेक."

"कंची?"

"मी शिकवली ती. ती थोडी चुकली."

काकूंनी सारवण थांबवलं. "दोन वर्सं म्या लेकरं निजवली तिच्यावर. आता चुकली म्हणतीस व्हय? मग लेकरं चुकीची निजली का?"

खालच्या आळीच्या कोपऱ्यात तर माझं बोलणंच कोणी पुरं ऐकलं नाही. "आमची चाल मास्तरांची हाय," तिथली म्हातारी मावशी म्हणाली, "तूच सांगितलंस. आता जा, पाणी आण."

या गडबडीत आजीचा डाग माझ्या डोक्यातून पार गेला. चुना देणाऱ्यांनी भिंत वरपासून खालपर्यंत पांढरीफेक केली, आणि मी विहिरीवर बादली ओढत उभी होते.

रात्री झोपताना मी प्रार्थना केली. देवाला म्हटलं, मोठ्या पाळकांची मोटार बंद पडू दे. लई न्हाय, फक्त एक दिवस. लोहाऱ्याची मोटार आठवड्यातून दोनदा तरी बंद पडायची, म्हणून मला ते फार मोठं मागणं वाटलं नाही. रविवारी ती वेळेच्याही आधी आली.

सकाळी देवळाचं दार उघडलं तेव्हा माणसं नुसती उंबऱ्यात उभी राहिली. आत कसं जायचं ते विसरल्यासारखी. मग वरच्या आळीचे एक काका चपला काढून आत शिरले आणि सगळे त्यांच्यामागं. ताज्या चुन्याचा, शेणाचा आणि नव्या पत्र्याचा वास. बायका डावीकडं, गडी उजवीकडं. तीन वर्षांत जन्मलेली पोरं ही जागा पहिल्यांदा बघत होती आणि पत्र्याखाली वाशांवर बसलेल्या चिमण्यांकडं बोट दाखवत होती. आजी माझ्या खांद्यावर हात ठेवून खिडकीपर्यंत आली. भिंतीकडं बघितलं.

"चुना दिला व्हय," एवढंच म्हणाली. आणि भिंतीपासून हातभर लांब, ताठ बसली. टेकली नाही. परक्याच्या घरी आल्यासारखी.

मोठे पाळक पुढं खुर्चीवर बसले होते. उंच, वाळके, चष्म्याला दोरी. आमच्या पाळकसाहेबांनी गीताचा नंबर सांगितला आणि हात वर केला.

तीन वर्षांची भूक होती सगळ्यांच्या गळ्यात. एकदम सुरुवात झाली. आमची मधली आळी पहिल्या शब्दावर रेंगाळतीय तोवर वरची आळी दुसऱ्या ओळीला पोचली. खालची आळी टाळ्या वाजवायला लागली. आपण मागं पडतोय असं वाटून आमच्या चुलत्यानं आवाज चढवला. मग सगळ्यांनीच चढवला. तिसऱ्या ओळीला कोण काय म्हणतंय ते देवालाही कळलं नसेल. मग एकेक आवाज थांबत गेला. शेवटी एकटे वरच्या आळीचे काका राहिले. त्यांना कमी ऐकू यायचं. त्यांनी डोळे मिटून बँडच्या चालीत सबंध कडवं पुरं केलं आणि मग डोळे उघडून इकडंतिकडं बघितलं.

मोठ्या पाळकांनी चष्मा काढला. "ही कोणती चाल?"

"मास्तरांची," वरची आळी म्हणाली.

"मास्तरांची ही न्हाय, आमची हाय मास्तरांची," खालची आळी म्हणाली.

"तुमास्नी कोण म्हणलं?"

"तुमास्नी कोण म्हणलं?"

आणि मग दोन्ही आळ्या, आयुष्यात पहिल्यांदाच एकमतानं, माझ्याकडं बघायला लागल्या.

मी आजीच्या पाठीमागं सरकले. आजीनं मागं न बघता माझं मनगट धरलं. "उभी ऱ्हा भवाने."

मी उभी राहिले. मोठे पाळक वाट बघत होते. बापाचा चेहरा पांढरा पडलेला, भिंतीसारखा. मला आजीची पाठ दिसत होती, भिंतीपासून हातभर लांब, आणि मला कळलं की ही आता उमरग्याची झाली, माझ्यामुळं.

"मला माहीत नव्हती," मी म्हणाले. "चाल. मला कुठलीच माहीत नव्हती."

कोणीतरी खुदकन हसलं. मोठे पाळक आमच्या पाळकसाहेबांकडं वळले. "तुम्हाला खरी येते?" पाळकसाहेब पेटीच्या मागं मागं म्हणणारे; त्यांनी आपल्या पायांकडं बघितलं.

तेव्हा आजी बोलली. बसूनच, गुडघ्यावर हात ठेवून. "सायेब, कडवी सात हायती. वाटून घेऊ. ज्याचं त्यानं म्हणावं, बाकीच्यांनी ऐकावं. तुमास्नी मोटारीची घाई न्हाय न्हवं?"

"मोटार चारला आहे," मोठे पाळक म्हणाले.

"मग पुष्कळ येळ हाय," असं म्हणून तिनं पहिलं कडवं उचललं.

आमच्या चार घरांनी तिच्यामागं ते जात्यासारखं संथ म्हटलं. दुसरं वरच्या आळीनं. तिसरं खालच्या आळीनं टाळ्यांसकट. चौथ्याला पुन्हा आमची पाळी आली, तर खालच्या आळीतली म्हातारी मावशी हळूच आमच्यात मिसळली. पाचव्याला मी बघितलं, माझी आई बँडच्या चालीत मान हलवत होती. सहाव्याला सगळं देऊळ टाळ्या देत होतं, चिमण्या वाशांवरून उडाल्या. सातवं कडवं आमच्या वाट्याचं, पण ते कोणी आमच्यापुरतं ठेवलं नाही. चौदाही घरांनी ते जात्यावर म्हटलं.

मोठे पाळक बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "मी पुष्कळ बंद पडलेली चर्च बघितली. तिथं लोक चाल विसरतात आणि गप्प बसतात. रोज म्हटल्याशिवाय चाल इतकी बिघडत नाही." आमच्या पाळकसाहेबांना म्हणाले, "यांना उमरग्याला नेऊन काय करू? तिथलंही गाणं बिघडेल."

आजीला हे वळणावळणाचं बोलणं कळलं नाही. "म्हंजी देऊळ ऱ्हायलं का न्हाय?"

"राहिलं आजी."

आजीनं मान हलवली. मग बसल्या जागी मागं सरकली, हातभर अंतर होतं तेवढं, आणि नव्या चुन्याला डोकं टेकलं. प्रवचन लांबलं तसे तिचे डोळे मिटले. घरी जाताना तिच्या अंबाड्याला चुन्याचा पांढरा टिळा होता आणि भिंतीवर तेलाचा एक पिवळट ठिपका, रुपयाएवढा. सुगीपर्यंत तो भाकरीएवढा झाला.

मला शिक्षा झालीच. वर्षभर दर रविवारी गीताच्या आधी उभं राहून सांगायचं, कुठलं कडवं कुठल्या चालीत. पहिले दोन महिने लाज वाटली. नंतर माझे हात आपोआप मागं बांधले जायला लागले.

आता त्या खिडकीखाली मी बसते. दर काही वर्षांनी चुना देतात आणि मी जास्तीचं तेल लावून जाते. परवा नातीनं विचारलं, आजी, या तिन्हींतली खरी चाल कोणती? मी जराही न अडखळता सांगितलं, "बँडची. मास्तर अशीच वाजवायचे."